ठरावाने गावात, पावतीने शहरात

फाल्गुनात मराठवाड्याच्या माळावर पळस फुलतो आणि नांदेड-लातूरच्या झेरॉक्सच्या दुकानांतून घरभाड्याच्या कोऱ्या पावत्यांना बहर येतो, हा निसर्गक्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी विस्मय वाटण्याचे कुणास कारण उरलेले नाही. घरभाडे भत्त्यावरील कर वाचावा म्हणून वर्षाच्या बारा पावत्या एकाच बैठकीत, एकाच शाईने सिद्ध होतात. प्रत्येकीवर एक रुपयाचे तिकीट डकवले जाते. आणि घरमालक म्हणून ज्यांना सही करावयाची असते ते नोकरदाराचे तीर्थरूप, आपण पितृपदावरून मालकाच्या वर्गात कधी बदलून आलो याचा विचार करीत, त्या तिकिटावर आडवी सही ठोकतात.

भाडे दरमहा ८,३३३ रुपये. वार्षिक भाडे एक लाखाच्या वर गेल्यास मालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो, आणि ८,३३३ ला बाराने गुणिले असता ९९,९९६ भरतात, एवढ्या एका कारणास्तव लातूरच्या औसा रोडवरचा बंगला आणि नांदेडच्या तरोड्यातली पत्र्याची खोली यांची दप्तरी किंमत समसमान झाली. जी समता भल्याभल्या चळवळींस साधली नाही ती आयकराच्या एका परिपत्रकाने साधली. त्यातून लाभ तो किती? मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा ६०,००० रुपये असलेल्या नोकरदाराने भाड्यातून वेतनाचा दशांश, म्हणजे ६,००० रुपये, वजा करावयाचे, उरले २,३३३, आणि कर वाचतो तो तेवढ्यावरचाच. एवढ्यासाठी बापास मालक आणि स्वतःस कूळ करून घेण्याची तयारी ज्या समाजात आहे, त्याच्या काटकसरीस नमस्कारच केला पाहिजे.

परंतु या वाङ्मयप्रकाराचा खरा उत्कर्ष पाहावयाचा तर जिल्हा परिषदेच्या गुरुजींचे दप्तर उघडावे. ग्रामविकास विभागाच्या २०१९ च्या शासननिर्णयाने घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरवला. तेव्हा भत्ता मिळावा म्हणून गुरुजी मुखेड तालुक्यातल्या गावी राहतात, असा ठराव सरपंचांच्या सहीशिक्क्यानिशी दाखल होतो. त्याच भत्त्यावरील कर वाचावा म्हणून गुरुजी नांदेडात भाड्याने राहतात, अशी पावती दाखल होते. गुरुजी मात्र देहाने बहुधा या दोहोंच्या मधल्या एस.टी.त असतात. दोन्ही कागद एकाच फाइलीत शेजारी-शेजारी नांदतात, आणि वेतन काढणारे आहरण व संवितरण अधिकारी दोहोंवर निर्विकार चित्ताने शिक्का मारतात, कारण कागद पूर्ण आहेत की नाहीत एवढेच पाहणे त्यांच्या अखत्यारीत येते. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ साली मुख्यालयी न राहता घेतल्या जाणाऱ्या या भत्त्याचा प्रश्न लावून धरला तेव्हा शिक्षकांनी मोर्चा काढला; त्या रणधुमाळीत पावतीचा विषय कुणाच्या मुखी आल्याचे ऐकिवात नाही, हे उभयपक्षी सोयीचेच झाले.

एकट्या गुरुजींनाच दोषी धरणे न्यायाचे नव्हे. ज्या गावी भाड्याने देण्याजोगी खोली नाही आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे सहकुटुंब राहण्याचे फर्मान काढणाऱ्या सरकारने ठरावाची नव्हे, घरांची तरतूद आधी करावयास हवी होती. शिवाय खरोखर भाडे भरणाऱ्याची दशा याहून करुण: शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांनी खोल्या भरून गेलेल्या लातुरात मालक रोकड मोजून घेतो आणि पावतीचे नाव काढताच जागा खाली करण्याची मुदत देतो. ज्याने भाडे दिले त्याच्याजवळ पावती नाही, ज्याच्याजवळ पावती आहे त्याने भाडे दिलेले नाही, आणि आयकर खाते दुसऱ्यावर प्रसन्न आहे.

आता पावतीच्या या कलेवर अवकळा आली आहे. २०२३-२४ पासून जी नवी करपद्धती आपोआप लागू धरली जाते तीत घरभाड्याची सूटच नाही, आणि २०२५-२६ पासून तीत पगारदारास १२,७५,००० रुपयांच्या वेतनापर्यंत करही नाही. तेव्हा ज्यांनी यंदाही सवयीने तिकिटे आणून ठेवली असतील त्यांनी पावती फाडण्यापूर्वी आपण कोणत्या पद्धतीत आहोत एवढे कारकुनास विचारून घ्यावे.