बांगड्याचा काटा आणि पाद्रीबाबा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुपारची झोप काढत होतो, त्यामुळे ‘हो’ म्हणून बसलो. दिवाळी अंकाला थ्रिलर हवं होतं. “तुरुंगात कॅथलिक पाद्री, त्याला सोडवणारा जिगरबाज नायक, चर्चमधली कारस्थानं आणि शेवटी अंधारात बोट. बोट पाहिजेच हं. चित्रकाराला सांगून ठेवलंय.”

असा पाद्री मला एकच ठाऊक. ड्यूमांच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधला, मार्सेयसमोरच्या शातो दिफ किल्ल्यात सडणारा आबे फारिया. ड्यूमांनी त्याला इटालियन करून टाकलंय, पण नाव उचललं ते आपल्या शेजारच्या माणसाचं. खरा फारिया १७५६ साली बारदेशातल्या कांदोळीत जन्मला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे: झगा घातलेला माणूस, पुढे पसरलेले हात आणि समोर मागे कलंडणारी बाई. पहिल्यांदा पाहिला तेव्हा हिने माझा दंडच धरला. “अहो, हा तिला मारतोय की काय?”

तो तिला झोपवत होता. संमोहनाच्या आद्य उस्तादांपैकी तो एक. झोप माझ्या हातातून येत नाही, तुमच्याच मनातून येते, हे त्याने १८१३ पासून पॅरिसमध्ये व्याख्यानं देऊन सांगितलं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ते दरवर्षी सिद्ध होतं.

तर याला सोडवायचं. पंचाईत अशी, की कादंबरीतला फारिया कुणाची वाटच पाहत नाही. पलंगाच्या लोखंडातून स्वतःच हत्यारं बनवतो, वर्षानुवर्षं खणून पन्नास फुटांचं भुयार पाडतो आणि निघतो कुठे, तर शेजारच्या कैद्याच्या कोठडीत! कोन चुकला. मला तो तिथेच आवडला. आमच्या नळवाल्याने पाडलेलं भोकही शेजाऱ्यांच्या देवघरात निघालं होतं. त्याने मात्र पुढे ग्रंथ लिहिला नाही. फारियाने लिहिला. दोन सदऱ्यांवर, माशाच्या हाडाची लेखणी करून, काजळी आणि वाइनच्या शाईने.

अनुभवाशिवाय लिहू नये म्हणतात. शुक्रवारी बांगडे आले. जेवण झाल्यावर मी त्यातल्या त्यात धडका काटा धुऊन घेतला, निरांजनावर वाटी धरून काजळी जमवली आणि वाइन नसल्याने ती आमसुलाच्या पाण्यात कालवली. जुना बनियन पाटावर ताणून ‘प्रकरण पहिले’ लिहायला घेतलं. ‘प्र’च्या रकाराला काटा मोडला. दुसरा ‘क’पाशी वाकला. तिसऱ्यासाठी ताटाकडे वळलो, तर तिथे मांजर. दीड तासात ‘प्रकर’ एवढं झालं, आणि खोलीला जो वास सुटला त्यावरून फारियाच्या पहारेकऱ्यांना काहीच कसं कळलं नाही, याचं नवल वाटलं.

कारस्थानाच्या बाबतीत मात्र काही रचावं लागेना. खऱ्या फारियाचे आईवडील विभक्त झाले. आई मठात जोगीण झाली, वडील पाद्री. पोरगाही पाद्री झाल्याने सोयरिकीचा प्रश्न मिटला. लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची दातखीळ बसली. तेव्हा खालून बाप कोकणीत पुटपुटला म्हणतात: ही सगळी भाजी, कातर रे भाजी! राणी, सरदार, बिशप, सगळी भाजी. पोराने मग सपासप कातरली.

पण चर्चमधल्या वरच्या जागा गोऱ्यांनाच. कितीही शिका, गोव्याचा पाद्री तो गोव्याचा पाद्री. त्या रागातून १७८७ चा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट शिजला आणि फुटला. फारिया बापलेकांवरही संशय आला, पोरगा पॅरिसला सटकला. पकडलेल्या पाद्र्यांना लिस्बनला नेऊन वर्षानुवर्षं किल्ल्यात डांबलं, खटला न चालवता. त्यांच्यासाठी कोणी बोट आणली नाही.

संपादकांचा पुन्हा फोन. “शेवटी पाद्री सुटतो ना?”

“नाही, मरतो. त्याच्या प्रेताच्या पोत्यात शेजारचा कैदी शिरतो. पहारेकरी पोत्याला तोफेचा गोळा बांधून समुद्रात भिरकावतात.”

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर. “आणि बोट?”

“आहे. तस्करांची. पण आधी पोहावं लागतं.”

“चालेल! हस्तलिखित आजच पाठवा.”

मी गॅलरीत गेलो. हस्तलिखित दोरीवर वाळत होतं. हिने ते रात्रभर साबणात भिजवून, घासून, पिळून घातलं होतं. ‘प्रकर’ साफ गेलं होतं. आमसुलाचा डाग तेवढा राहिला होता.