गवताचं तोंड कुणीकडे?

नाशिकमध्ये गवत वाढवून पैसे मिळवायचे असतील तर लग्नाचं लॉन काढावं, आणि घालवायचे असतील तर रो-हाउस घ्यावं. आमच्या दारापुढे पंधरा बाय बारा फुटांचा तुकडा आहे. ताबा देताना बिल्डरनं त्यावर हिरवळीचे चौकोन आणून टाकले होते. ते मार्चमध्ये पिवळे पडले, एप्रिलमध्ये तपकिरी झाले आणि मेमध्ये कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही. माळी लावला. तो पावसाळ्यात म्हणायचा, "साहेब, जमीन काळी आहे, पाणी धरते." उन्हाळ्यात म्हणायचा, "साहेब, पाणीच धरत नाही." पगार मात्र बाराही महिने धरून ठेवायचा.

तेव्हा घरात कृत्रिम गवताचा ठराव आला. बायकोनं मांडला, मुलानं अनुमोदन दिलं, आणि आई तटस्थ राहिली, म्हणजे विरोधात गेली.

दुकानदारानं नमुन्यांचा जाडजूड अल्बम पुढ्यात टाकला. 25 मिलिमीटर, 35, 40, 50. गवताची उंची आधी ठरवायची आणि मग ते आयुष्यभर तेवढंच राहणार, ही सोय मुलांच्या बाबतीतही असती तर कपड्यांचा केवढा खर्च वाचला असता. आम्ही 35 वर बोट ठेवलं. पात्यांच्या बुडाशी काही कुरळे चॉकलेटी धागे दिसले म्हणून मी विचारलं, "माल जुना आहे का?" तो दुखावला. "सर, ते वाळलेलं गवत आहे. नॅचरल लुकसाठी मुद्दाम घालतात." म्हणजे जे दिसू नये म्हणून मी माळ्याला पगार देत होतो, ते इथे चौरस फुटाच्या भावात विकत मिळत होतं.

"मेंटेनन्स?" बायकोनं विचारलं.

"झीरो, मॅडम."

ठरलेल्या दिवशी मिस्त्री आणि दोन पोरं आली. मला वाटलं होतं, सतरंजी टाकतात तसं टाकतील आणि चहा पिऊन जातील. पण त्यांनी आधी वीतभर माती उकरली. मग मुरूम, मुरमावर कच, कचावर पाणी, आणि दिवसभर धुमस. पाणी निघून जावं म्हणून गेटकडे ढाळ काढला आणि तो दर पाच मिनिटांनी पाणसळ लावून तपासला. एवढ्या मशागतीत ज्वारी आली असती. आईनं फक्त एक अट घातली: तुळशीवृंदावनाच्या भोवती दोन विती माती उघडी ठेवायची. "तिला श्वास घ्यायला नको?" मिस्त्री म्हणाला, आजी, फिनिशिंग जाईल. आई म्हणाली, जाऊ दे. फिनिशिंग गेलं.

रोल दोन मीटर रुंदीचा येतो, त्यामुळे आमच्या बारा फुटांना दोन पट्टे आणि मधोमध एक जोड. आणि इथेच सगळं अडलं. या गवताला कल असतो. सगळी पाती एका बाजूला झुकलेली असतात; ज्याच्याकडे झुकतात त्याला ती गर्द दिसतात, आणि पाठीमागून बघणाऱ्याला फिकट, चकचकीत, अगदी प्लास्टिकची. दोन पट्टे उलटसुलट पडले तर एकाच अंगणात दोन रंग. म्हणून मिस्त्रीनं अगदी साधा प्रश्न विचारला, "गवताचं तोंड कुणीकडे करायचं?"

असा प्रश्न मराठी घरात विचारू नये. बायको म्हणाली, गेटकडे. येणाऱ्याला हिरवं दिसलं पाहिजे. मी म्हणालो, व्हरांड्याकडे. पैसे भरून खुर्चीत बसणार मी, आणि गर्द हिरवं बघणार कुरिअरवाला? आईच्या मते तुळशीकडे पाठ करून काहीही चालणार नव्हतं, गवतसुद्धा. मुलानं मोबाइलवर बघून सांगितलं, की घरातल्या ज्या खिडकीतून जास्त वेळ बघितलं जातं तिच्याकडे तोंड करतात. त्यावर बायको म्हणाली, मग स्वयंपाकघराकडे करा, कारण या घरात जास्त वेळ कोण कुठे उभं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. यानंतर कुणी काही बोललं नाही. मिस्त्रीनं ढाळाच्या बाजूला, म्हणजे गटाराकडे तोंड करून पट्टे टाकले आणि टेप चिकटवायला घेतली. गटार गेटच्या शेजारीच असल्यामुळे बायको जिंकली, असं ती समजते.

मग पांढरी सिलिका वाळू आली. पात्यांच्या बुडाशी ती झाडून घातली की पाती उभी राहतात आणि गालिचाही वाऱ्यानं उचलला जात नाही. आधी गवतासाठी माती काढली, मग गवतावर वाळू घातली. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी शेजारचे काका बघायला आले. ते तरुणपणी खडकीला हॉकी खेळलेले. गेटमध्ये उभे राहून त्यांनी अंगणाकडे असं बघितलं, की जणू जुना दावेदार कोर्टात समोर यावा. "हेच ते," म्हणाले. "1975 ला क्वालालंपूरला साध्या गवतावर आपण वर्ल्ड कप जिंकलो. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिकला यांनी हे अंथरलं, आणि आपण सातवे! सातवे!" आमच्या अंगणाचा त्यात काही हात नव्हता, तरी मी दिलगिरी व्यक्त केली. ते चपला घालूनच गवतावर आले आणि टाचेनं दोनदा दाबून बघून म्हणाले, "चेंडू पळतो हो याच्यावर. थांबतच नाही."

या गवताचा मूळ गुन्हा मात्र हॉकीचा नाही, बेसबॉलचा आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला 1965 मध्ये ॲस्ट्रोडोम नावाचं छपराखालचं मैदान झालं. छप्पर पारदर्शक ठेवलं, म्हणजे आतलं खरं गवत वाढेल. पण त्या उजेडानं खेळाडूंचे डोळे दिपायला लागले, उंच उडालेला चेंडू दिसेना. मग छताला रंग फासला. चेंडू दिसायला लागला आणि गवत मेलं. यावर त्यांनी काय करावं? उरलेला मोसम मेलेल्या गवताला आणि मातीला हिरवा रंग मारून काढला. नायलॉनचं गवत 1966 मध्ये आलं, आणि मैदानाच्या नावावरून त्याला ॲस्ट्रोटर्फ म्हणायला लागले. मला विचाराल तर ती मधली पायरीच सगळ्यांत शहाणपणाची होती. मातीला रंग! पाच लिटरचा डबा आणि एक रविवार. बायकोपुढे मी ही सूचना मांडली होती. ती इतिवृत्तात घेतली गेली नाही.

आता झीरो मेंटेनन्सबद्दल.

शेजारच्या बंगल्यात शेवगा आहे. शेंगा त्यांच्याकडे पडतात, पाला आमच्याकडे. शेवग्याचं पान म्हणजे करंगळीच्या नखाएवढं, पिवळं, पातळ. खऱ्या मातीवर ते पडलं काय, न पडलं काय, आठवड्यात मातीच होतं. इथे ते पात्यांच्या मधून खाली उतरतं, वाळूला चिकटतं आणि तिथेच मुक्काम करतं. केरसुणीनं वरवर झाडलं तर आणखी खोल जातं. त्यासाठी खराटा लागतो, आणि तोही कलाच्या उलट दिशेनं मारावा लागतो, म्हणजे पाती उभी राहतात आणि पाला वर येतो. जोडाजवळ खराटा चालत नाही, टेप सुटते. तिथे उकिडवं बसून चिमटीनं वेचायचं. खऱ्या हिरवळीसमोर मी कधी वाकलो नव्हतो. आता दर रविवारी सकाळी मी प्लास्टिकपुढे उकिडवा बसलेला असतो, आणि जाणारे-येणारे विचारतात, "काही हरवलंय का?"

सुरुवातीला घरात नियम झाला, की गवतावर चपला घालून जायचं नाही. एप्रिल उजाडला आणि नियम बदलला: चपला घातल्याशिवाय जायचं नाही. खरं गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवतं. प्लास्टिकला घाम येत नाही. भर उन्हात ते 60-70 अंशांपर्यंत तापू शकतं. दुपारी दोनला वाळत घातलेले पापड उचलायला मुलगा अनवाणी गेला आणि ज्या चालीनं परत आला, ती काकांना 1976 पूर्वीच्या भारतीय फॉरवर्ड लाइनची वाटली.

त्यावर उपाय एकच, संध्याकाळी पाणी मारायचं. त्यामुळे ऐन मे महिन्यात, गंगापूर धरणाची पातळी रोज पेपरात छापून येत असताना, माझी बायको हातात पाइप घेऊन प्लास्टिकच्या गवताला पाणी घालताना आख्ख्या कॉलनीनं पाहिली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी थांबून विचारलं, "वहिनी, वाढतंय का?"

पाऊस लागला आणि वाढलं.

आधी तुळशीभोवतालच्या त्या दोन विती मातीत चार पाती दिसली. मग ती गालिचाच्या कडेखालून निघाली, मुरमातून सरकत गेली आणि मधल्या जोडातून रांगेनं वर आली. हरळी. शेतकऱ्यानं नांगरून, वेचून, जाळून जी मरत नाही, तिच्यापुढे वीतभर मुरूम-कच आणि एक टेप काय टिकणार? आमच्या अंगणाला अगदी मधोमध खऱ्या हिरव्या रंगाचा भांग पडला, आणि त्याच्याशेजारी 35 मिलिमीटरचं गवत पहिल्यांदाच खोटं दिसायला लागलं.

मी दुकानदाराला फोन केला.

"गवतात गवत उगवलंय," मी म्हणालो.

तो जरा थांबला. "मग सर, तक्रार काय आहे?"

"वॉरंटी आहे ना?"

"रंग उडाला तर आहे. उगवलं तर नाही. तणनाशक मारा."

पण ते मारणार कोण? तोवर भाद्रपद आला होता, आणि आईनं त्या जोडावर ताबा जाहीर केला. मंडईत दूर्वांच्या जुडीला काय भाव चाललाय ते तिनं मला दोनदा ऐकवलं. रोज सकाळी ती पाट घेऊन जोडाशी बसायची आणि कोवळी तीन पानांची शेंडी बघून एकेक दूर्वा खुडायची. बातमी पसरली. कॉलनीतल्या बायका ताट घेऊन यायला लागल्या. सेक्रेटरींची पत्नीही आली. आई सगळ्यांना बजावायची, "रेघेतलंच घ्या, बाजूचं ओढू नका, महाग आहे ते."

काकांच्या पाच वर्षांच्या नातवानं मात्र बाजूचंच ओढलं. गणेशचतुर्थीला सकाळी एकवीस पाती मोजून, दोरा बांधून, अगदी नीट जुडी करून तो घेऊन आला. काका ओशाळले, बायकोचा जीव वरखाली झाला, मी खाली वाकून भोक शोधायला लागलो. आईनं जुडी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि पोराचं मन मोडायला नको म्हणून देवघरात नेली. गणपतीच्या डोक्यावर तिनं आपली खुडलेली जुडी वाहिली आणि ही उंदरापुढे ठेवली.

"त्याला चालतं काहीही," ती म्हणाली.