ई-बुककाका

आमच्या सोसायटीतल्या ई-बुककाकांना पुस्तक वाचताना कुणी पाहिलेलं नाही. ते पुस्तक 'करतात'. "काय चाललंय सध्या?" असं विचारलं, की "आपटे करतोय," म्हणतात. म्हणजे हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचं ई-बुक.

हयात लेखकांत काकांना रस नाही. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क मोकळे होतात, त्यामुळे कुठल्याही लेखकाचं नाव निघालं, की काकांचा पहिला प्रश्न "गेले कधी?" आपटे १९१९ साली गेले, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. १९७० नंतर गेलेल्यांना त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

मूळ दुखणं साधं आहे. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. सहा इंची किंडलवर त्यातली अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात आणि मोठी केली, की ओळ पडद्याबाहेर जाते. यावर के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो शब्दांमधल्या मोकळ्या जागा हेरून ओळी कापतो आणि छोट्या पडद्यावर पुन्हा लावून देतो. शहाणा माणूस इथे थांबून वाचायला लागतो. काका म्हणतात, "अहो, पण ती चित्रंच राहिली ना! फाँट बदलता येतो का? शब्द शोधता येतो?" शोधायचा कुठला शब्द असतो, हे मात्र त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

मग चित्रातून अक्षरं काढायची. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर. हे एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास सुरू झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि आता त्याला मराठीही येते. येते म्हणजे इंग्रजी शाळेतल्या नातवाला येते तितपत. 'घ'चा 'ध' होतो, 'ख'चा 'रव' होतो. त्यात १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं, म्हणजे उच्चार नसलेले अनुस्वार जागोजागी. शिवाय कसरीनं पाडलेली भोकं. कुठलं टिंब व्याकरणाचं आणि कुठलं कसरीचं, हे यंत्राला कळत नाही. काकांनाही कळत नाही. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतात. काकू मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्या पदराला हात पुसत येतात, पडद्याकडे बघतात, "कसर" किंवा "व्याकरण" एवढंच म्हणतात आणि कुकर बघायला परत जातात.

'पण लक्षात कोण घेतो?'च्या वेळी तर कहर झाला. नायिका यमू. यंत्रानं जागोजागी तिचा ऊकार खाल्ला आणि उरला यम. काकांनी एका फटक्यात सगळे 'यम' बदलून 'यमू' केले. कादंबरीभर नियमाचे 'नियमू' झाले, संयमाचा 'संयमू' झाला, आणि माणसं 'कायमू' दुःखात राहू लागली. ते निस्तरण्यात उन्हाळा गेला. मी सहज विचारलं, "काका, यमूचं पुढे होतं काय?" काका गोंधळले. म्हणाले, "आता सगळीकडे बरोबर आहे." यमूची खरी हकीकत आतून काकूंनी सांगितली. काका दुरुस्त्या करत होते तेवढ्या दिवसांत त्यांनी मूळ पुस्तक वाचून काढलं होतं.

यानंतर मजकूर कॅलिबर नावाच्या ई-बुक बनवायच्या प्रोग्रॅममध्ये जातो, मुखपृष्ठ चढतं, प्रकरणं पडतात आणि ई-पब तयार होऊन सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं. दहा मिनिटांत काकांचा फोन. कादंबरी कशी वाटली, हे ते चुकूनही विचारत नाहीत. "अनुक्रमणिका दाबून पाहिली? बरोबर पानावर जाते ना?" जाते म्हटलं, की त्यांना तृप्त झोप लागते. ग्रुपवर आतापर्यंत पुष्कळ थोर साहित्य जमलंय. त्याच्या अनुक्रमणिका आम्ही सगळ्यांनी दाबलेल्या आहेत.

त्यांची मेहनत खोटी नाही. ज्या कादंबऱ्यांची पानं हात लावताच तुटतात, त्या आज निदान फोनवर उघडतात, आणि आमच्याकडे हे काम करायला दुसरं कुणी पुढे येत नाही. पण एक सावधगिरीची सूचना. पान स्कॅनरवर सपाट पडावं म्हणून काका पुस्तकाची शिवण उसवतात, आणि उसवलेलं पुस्तक पुन्हा बांधून आणायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. कुणाच्याही घरी गेले, की त्यांची नजर आधी पुस्तकांच्या कपाटाकडे जाते. तुमच्याकडे आजोबांच्या वेळची पुस्तकं असतील आणि काका येणार असतील, तर चहा गॅलरीतच द्या.