आमचं सांताक्रूझ, त्यांचा कुलाबा

आईबाबांची नोकरी फिरतीची, म्हणून मला सांताक्रूझच्या वाकोल्याला आजी-आजोबांकडे ठेवलं. त्यामुळे शाळेत असतानाच मी साठीत पोचलो. एप्रिलमध्ये छत्री, गाडीच्या तासभर आधी फलाटावर, आणि ‘हल्लीची मुलं’ हे शब्द मी सातवीत वापरायचो. लोकांनी हे सगळं पोटात घातलं. पण आजोबांकडून वारशात एक वैरही आलं होतं, त्यानं घात केला.

संध्याकाळच्या मराठी बातम्यांच्या शेवटी मुंबईचं हवामान दोनदा सांगत: कुलाबा आणि सांताक्रूझ. आजोबांच्या लेखी हा रोजचा सामना. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, साहेबानं बांधलेली, म्हणजे त्यांच्या मते कधीच पेन्शनीत निघालेली. आपण समुद्रापासून जरा आत, म्हणून उन्हात जास्त तापणार, थंडीत जास्त गारठणार. सांताक्रूझ ३५, कुलाबा ३२ असं ऐकलं की घामानं निथळणारे आजोबा मांडी थोपटत. आजी त्याच आकड्यावर दुसऱ्या दिवशीचे पापड घाली.

२६ जुलै २००५ ला घरात गुडघाभर पाणी, त्यात गव्हाचा डबा तरंगतोय. मग पेपरात आकडे आले: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३. चाळभर गाद्या वाळत पडलेल्या आणि आजोबा एकेकाला थांबवून म्हणताहेत, ‘त्र्याहत्तर! ह्याला काय पाऊस म्हणायचं?’ मागे उभा राहून मान डोलावणारा मी.

पुढे मला स्थळ सांगून आलं ते नेमकं कुलाब्याचं. पोहे आले. मुलीचे वडील सहज म्हणाले, ‘यंदा आमच्याकडे पाऊस फार हो.’ आजीनं माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. ‘त्र्याहत्तर!’ म्हणताना मी मांडी थोपटली, आणि मांडीवरच्या बशीतले पोहे सतरंजीवर गेले.

तेवढ्यात आतून काठी आपटत मुलीचे आजोबा आले. ‘५ जुलै १९७४,’ ते गरजले, ‘कुलाबा. पाचशे पंचाहत्तर!’ आकडा मुलीनंही त्यांच्याबरोबर म्हटला. ती त्यांच्याकडेच वाढलेली, हे नंतर कळलं.

स्थळ जमलं नाही. एका घरात दोन वेधशाळा नकोत, असं तिनं कळवलं. दोघा आजोबांचे फोन मात्र पावसाळाभर चालतात, तेही सकाळी साडेआठनंतर, कारण चोवीस तासांचा पाऊस साडेआठला मोजतात. मोबाइलवर दोन्हीकडचे आकडे शोधून द्यायचं काम तेवढं माझ्याकडे आहे.