अशासकीय भाऊ

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या चौकात मान वर केली की 'नियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन' या मजकुराखाली भाऊ हात जोडून उभे दिसतात. संजय गांधी निराधार योजना समितीचे अशासकीय सदस्य, शिवाय जिल्हा नियोजन समितीवर विशेष निमंत्रित. यातली एकही जागा परीक्षेनं मिळत नाही, मतदानानं तर नाहीच. पालकमंत्र्यांची शिफारस लागते. म्हणून भाऊंना योजनेचा शासन निर्णय माहीत नसला, तरी साहेबांच्या गाडीत मधल्या सीटवर कोण बसतं हे तोंडपाठ असतं. 2014 ते 2025 या काळात पंकजा मुंडे, धनंजय मुंडे, अतुल सावे, पुन्हा धनंजय मुंडे आणि मग अजित पवार असे पालकमंत्री झाले. दर वेळी बॅनरवरचा मधला फोटो बदलला. भाऊंचा कोपऱ्यातला तोच, लग्नातल्या जोधपुरीतला.

यावर म्हणतात, साहेबांनी काय अनोळखी माणूस नेमायचा? विश्वासातलाच लागतो. खासगी सचिव नेमताना हे पटतं, कारण त्याच्या हाती गुपितं असतात. निराधाराच्या अर्जात गुपित कसलं? वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला. ते तपासायला तलाठी आहे, तहसीलदार तर समितीचे सदस्य सचिवच. समिती नेमलेली नसते तेव्हाही प्रकरणं मंजूर होतातच. बरं, भाऊ गावातले, कोण खरा निराधार हे त्यांना तलाठ्यापेक्षा जास्त ठाऊक, हेही खरं. मग नाव ग्रामसभेत ठरू द्या की! पण तिथं साहेबांशी असलेल्या मैत्रीला भाव नाही. दसरा झाला की पोरगा-सून ऊसतोडीला, कोयता घेऊन कारखान्याला जातात. मागं राहिलेली म्हातारी याच समितीकडच्या श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारासाठी तहसीलला खेटे घालते, आणि तिथं तिला कुणीतरी हळूच सांगतं, "भाऊंना भेटलात का?" भाऊंनी तिचा रुपया खाल्लेला नसतो, मान्य. पण साहेबांनी मैत्री निभावली ती स्वतःच्या खिशातून नव्हे, तिच्या चपला झिजवून.

अमेरिकेत 1881 साली पद न मिळालेल्या एकानं अध्यक्ष गारफिल्ड यांनाच गोळी घातली, तेव्हा कुठं 1883 च्या पेंडल्टन कायद्यानं काही सरकारी नोकऱ्या परीक्षेवर आल्या. आपले भाऊ त्या मानानं समजूतदार. यादीतून नाव गळालं, तर दुसऱ्या साहेबांच्या वाढदिवसाला जेसीबीतून फुलं उधळतात.