क्लोनला नाव कोणी दिलं?

कार्टून म्हणजे पोरांना गप्प बसवायची सोय, असं मानणाऱ्यांशी आज भांडायचं आहे. मोठ्या पडद्यावरच्या विज्ञानपटांना जे जमलं नाही, ते त्यांच्यावरून निघालेल्या एका कार्टून मालिकेनं करून दाखवलं. ‘स्टार वॉर्स’चंच बघा.

2002 साली ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ आला. कामिनो नावाच्या ग्रहावर एका माणसाच्या नमुन्यावरून फौज तयार होत असते. गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसं तिथला प्रमुख सांगतो, की दोन लाख नग तयार आहेत, आणखी दहा लाख वाटेवर आहेत. नग! वाढीचा वेग दुप्पट केलेली ही माणसं, अंगानं जवान आणि वयानं दहा वर्षांची. चित्रपट त्यांना रांगेत उभं करतो, लढवतो, मारतो. 2005 च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये वरून एक हुकूम सुटतो आणि हेच सैनिक आपल्या जेडाय सेनापतींना पाठीमागून गोळ्या घालतात. त्यांना आज्ञाधारक घडवलंय, एवढ्यावर विषय मिटतो. काही मिनिटांत सगळं संपतं आणि कॅमेरा पुन्हा नायकाकडे वळतो.

‘द क्लोन वॉर्स’ ही ॲनिमेशन मालिका ऑक्टोबर 2008 मध्ये सुरू झाली. आधी ऑगस्टमध्ये याच नावाचा चित्रपट थिएटरात येऊन समीक्षकांचा मार खाऊन गेला होता, आणि तो मार रास्त होता. मालिकेच्या पहिल्याच भागात मात्र जेडाय गुरू योडा तीन दमलेल्या सैनिकांना समोर बसवतो, शिरस्त्राणं काढायला लावतो. ते म्हणतात, बघण्यासारखं काही नाही, आमचे चेहरे सगळे सारखे. योडा त्यांचं ऐकून घेत नाही. एकेकाला नावानं हाक मारून त्याचा स्वभाव सांगतो: तू फार उतावळा, तुझं सगळं लक्ष हत्यारात, तुझं शत्रूवर. अख्ख्या चित्रपटत्रयीत या सैनिकांशी असं कोणी बोललेलं नाही.

मालिका सात सीझन चालली, 2020 मध्ये संपली. रेक्स, फाइव्ह्ज, एको अशी नावं असलेली माणसं त्यात वाढली. चेहरा एक, आणि सगळ्यांना आवाजही एकाच नटाचा, डी ब्रॅडली बेकरचा. तरी डोळे मिटून ऐकलं तर कोण बोलतंय ते कळतं. फाइव्ह्जला शोध लागतो, की प्रत्येकाच्या मेंदूत हुकूम पाळायला लावणारी एक चिप बसवलेली आहे. तो ओरडून सांगतो. त्याला वेडा ठरवतात आणि त्याचाच एक भाऊ त्याला गोळी घालतो. शेवटी तो हुकूम सुटतो तेव्हा रेक्सच्या डोळ्यांत पाणी असतं. हात बंदूक उचलतो आणि तोंडातून फाइव्ह्जचं नाव बाहेर पडतं. चित्रपटात जी नुसती गद्दारी वाटली, ती या माणसांवर झालेली जबरदस्ती होती, हे मालिका बघितल्यावर कळतं. त्यानंतर तो 2005 चा चित्रपट पुन्हा लावा. तेच प्रसंग वेगळे दिसतील. मूळ कलाकृतीला मागे जाऊन असं सुधारणं दुर्मीळ असतं.

बीड जिल्ह्यात राहून मला हा विषय लांबचा वाटत नाही. दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारची गावं ओस पडायला लागतात. उसाच्या फडावर निघालेलं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ असतं. उचल कोयत्यावर मिळते, टोळीचं बळ कोयत्यांत मोजलं जातं. दोन जिवंत माणसं मिळून एक अवजार! कामिनोचा तो हिशेब आमच्या ओळखीचा आहे. म्हणून मला योडाच्या त्या प्रसंगाचं मोल फार वाटतं.

हे कार्टूनलाच का जमावं? कारण उघड आहे. खऱ्या नटांच्या चित्रपटात पडद्याचं प्रत्येक मिनिट स्टारच्या नावावर चढलेलं असतं. गर्दीतल्या माणसावर कॅमेरा थांबवणं निर्मात्याला परवडत नाही. चितारलेल्या जगात शिपायाचा क्लोजअप नायकाच्या क्लोजअपपेक्षा महाग पडत नाही. परग्रहवासीयाचंही तेच. 1973 च्या ‘स्टार ट्रेक’च्या कार्टूननं तीन हातांचा, तीन पायांचा अधिकारी थेट यानाच्या दिशादर्शकाच्या खुर्चीत बसवला. मूळ मालिकेला तो कुठून परवडला असता?

आपल्याकडे काय झालं? मुंबईच्या ‘कोई मिल गया’ आणि ‘क्रिश’वरून 2013 मध्ये कार्टून नेटवर्कवर ‘किड क्रिश’ आला. 2006 च्या ‘क्रिश’मध्ये फार सुंदर जागा मोकळी होती: अंगात विलक्षण ताकद असलेलं पोर, आणि ते जगापासून लपवायला डोंगरात जाऊन राहिलेली आजी. चित्रपटानं ते बालपण घाईत उरकलं होतं. कार्टूननं तिथं थांबायला हवं होतं. त्यानं नायकाला भूतान, मंगोलिया, आफ्रिकेच्या सफरीवर धाडलं. हातातली संधी घालवली.

‘कल्की 2898 एडी’चं थोडं बरं. चित्रपट जून 2024 मध्ये आला. त्याआधी 31 मे रोजी ‘बुज्जी अँड भैरवा’चे दोन छोटे भाग प्राइम व्हिडिओवर आले. चित्रपटासाठी बुज्जी ही कित्येक टन वजनाची खरी गाडी बांधली गेली, पण पडद्यावर ती बरीचशी विनोदाला आणि मारामारीला जुंपली. कार्टूनमध्ये तिची आणि नायक भैरवाची गाठ कशी पडली ते कळतं, आणि गाडीबद्दल माया वाटते. पण दोनच भाग! चित्रपटातल्या काशीत गंगा आटलेली आहे. पाणी, झाडं, सगळं वरच्या ‘कॉम्प्लेक्स’ नावाच्या वसाहतीनं ओढून नेलंय. टँकरची वाट बघत रात्र काढलेल्या बीडच्या माणसाला त्या जगातलं खरं नाट्य लगेच कळतं. तिथं हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईचा एक भाग कोणी काढला असता, तर तो तीन तासांच्या चित्रपटाला भारी पडला असता.

मराठीत विज्ञानकथेची वानवा नाही. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी कपाट भरून ठेवलंय. त्यावर मोठे चित्रपट निघत नाहीत, त्याला खर्चाचं कारण सांगतात. कार्टूनपुढे ते कारण लंगडं पडतं. पुण्यात बाजीराव सिंघमचा ‘लिटल सिंघम’ तयार होतो आणि देशभरातली पोरं तो बघतात. म्हणजे हात आहेत, यंत्रं आहेत, प्रेक्षकही आहेत. आई-बाप फडावर गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहणारी मुलगी, आणि माणसांऐवजी ऊस तोडायला आणलेलं, तिच्याशी बोलायला लागलेलं यंत्र, एवढ्यावर सहा भाग सहज उभे राहतात. मुकादम त्यात असलाच पाहिजे, त्यालाही नाव आणि स्वभाव द्या. आणि संवाद आमच्या बोलीतच हवेत. पुण्यात बसून ते ‘शुद्ध’ करून घ्यायचे नाहीत.