ग्राँ मार्निए, मुक्काम आदिलाबाद

नागपूरहून आदिलाबादला निघालेल्या माणसानं बाटलीचा विचार हिंगणघाट मागे पडेपर्यंत मनात आणू नये. वाटेत वर्धा जिल्हा लागतो, आणि गांधी-विनोबांच्या पुण्याईनं तिथं दारूबंदी. तेवढा पट्टा बस सोवळ्यात काढते. यवतमाळ जिल्हा लागला की हायवेवरच्या पाट्या एकदम बोलक्या होतात. मग पांढरकवडा, पाटणबोरी, पैनगंगेचा पूल आणि पलीकडे तेलुगू अक्षरं. माणसं मात्र खुशाल मराठी बोलतात. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट-राजुरा मुंबई राज्यात गेले, आमचे मामा जागचे हलले नाहीत.

जानेवारीत आदिलाबादची थंडी अख्ख्या तेलंगणात नाव काढते. मामा कानटोपी घालून दारातच उभे. "आला का बे? चल, सर्दीवर पॅरिसचं औषध आलंय."

मामेभाऊ फ्रान्सहून आला तेव्हा ठेवून गेला होता. पोट सुटलेली तपकिरी बाटली, गळ्यात लाल फीत, लाखेसारखा शिक्का. ग्राँ मार्निए. लुई-अलेक्झांडर मार्निए-लापोस्तोल या गृहस्थांनी 1880 मध्ये कोन्याक परगण्यातली ब्रँडी आणि कडू संत्र्याच्या सालीचा अर्क यांचं लग्न लावलं, त्याचं हे अपत्य. मामांनी बूच काढून हुंगलं.

"अरे, हे तं संत्रा होय!"

सरकारमान्य देशीच्या दुकानात 'एक संत्रा' म्हटल्यावर पिशवी पुढे करायची नसते, हे विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. मामांनी चष्मा लावून लेबल वाचलं. "40 टक्के? आपली देशी 42.8. मागंच हायेत फ्रान्सवाले."

मी मार्निएंची बाजू घेतली. देशी म्हणजे मळीच्या स्पिरिटात संत्र्याचा वास. इथं साली वाळवतात, मद्यात भिजवतात, मग अर्क काढतात, आणि कोन्याक ओकच्या पिंपात मुरलेली असते. शिवाय ते संत्रं इतकं कडू की सोलून खायची सोय नाही.

"म्हणजे साल महाग आन् संत्रं फुकट," मामा म्हणाले. मी आणलेल्या आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या पिशवीतलं एक सोललं, साल दुमडून मेणबत्तीजवळ दाबली. तडतड ठिणग्या उडाल्या. "तेल इथं बी हाये."

आता प्यायची रीत. जेवणानंतर, लहान ग्लासात, पाणी न घालता, घोट जिभेवर जरा थांबवून. मामांनी स्टीलचे पेले, सोडा आणि लसूण-चिवडा मांडला होता. पहिला घोट मी नीट घेतला: आधी सालीचा कडसर वास, मग गोडवा, मग लाकडाची झाक, आणि छातीत ऊब. दुसरा मामांनी सोडा ओतून दिला. खरं सांगायचं तर सोड्यानं बिघडत नाही, बर्फानंही नाही. चिवड्यानं मात्र सत्यानाश होतो. लसणापुढे मार्निए घराण्याचं काही चालत नाही.

"लय गोड हाये बाप्पा. जिलबी आणाले पाह्यजे होती."

फ्रान्समध्ये हिचा मोठा मान क्रेप सुझेतमध्ये, असं मी सांगितलं. पातळ धिरडं, लोणी, साखर, संत्र्याचा रस, वरून ही ओतायची आणि पेटवून द्यायची. तोवर स्वयंपाकघरातून फक्त भांडी आपटणाऱ्या मामी बाहेर आल्या.

"पेटवून? द्या इकडं. या घरात हिचा पहिला चांगला उपयोग ऐकते आहे."

कणकेची धिरडी झाली, लोण्यात रस आटला. मामांनी पळी पुढे करून काडी ओढायला घेतली, तशी मामींनी पळी काढून घेतली. "सरका. मिशा जातील." त्यांनी गॅस बंद केला, पळीतलं मद्य हलकेच कढईत सोडलं आणि हात लांब ठेवून काडी लावली. फोडणीवर आयुष्य काढलेला हात, त्याला काय नवल! निळी ज्योत धिरड्यांवरून सरसर फिरली.

मामा हवालदिल. "अवं, 40 टक्क्यांतले किती उरले?"

"धिरडं पूर्ण उरलं आहे," मामी ताट सरकवत म्हणाल्या. "खा गुमान."